टेकडीवरचं देवस्थान, १८० पायऱ्या, एकच दार: चैत्र यात्रेचा आराखडा कसा लिहावा?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. वाशीम-यवतमाळच्या सीमेवर टेकडीवर देवीचं ठाणं आहे. नोंदणीकृत न्यास, विश्वस्त गावचेच. चैत्र शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा यात्रा भरते. एरवी मंगळवार-शुक्रवारी बेताची गर्दी, पण यात्रेत आसपासच्या तालुक्यांतून आणि पैनगंगेपलीकडून मराठवाड्यातूनही लोक येतात. पौर्णिमेला सगळ्यात जास्त.

जागा अशी: पायथ्यापासून १८० पायऱ्या, रुंदी ८ फूट, मध्ये कठडा नाही. वर ३० बाय २० फुटांचा सभामंडप. गाभाऱ्याचं दार ३ फूट, आत जायला आणि बाहेर यायला तेच. मंदिरामागून एक जुनी पायवाट उतरते, दगडगोट्यांची. पाण्याला एक विहीर, बाकी टँकर. नारळ लोक पायऱ्यांवर आणि सभामंडपाच्या उंबऱ्यापाशी फोडतात. नवसाचे रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) पायथ्याच्या आमराईत होतात.

तहसीलदारांनी नियोजनाची बैठक लावली आहे, देवस्थानने लेखी आराखडा द्यायचा आहे. "स्वयंसेवक नेमू, बंदोबस्त मागवू" असं मोघम द्यायचं नाही. आकड्यानिशी लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

सेवेकरी_खामगाव
गाभाऱ्यापासून करा आणि तिथून उलटे खाली या. सगळे लोक वेशीपासून आराखडा लिहायला घेतात, म्हणून तो फसतो.

देवीसमोर एका माणसाला किती सेकंद मिळतात यावर सगळं ठरतं. २ सेकंद मिळत असतील तर एका बारीतून (रांगेतून) मिनिटाला ३०, तासाला १८०० लोक. ३ सेकंद झाले की तासाला १२०० च. ओटी भरू दिली, हार घालू दिला, तर हा आकडा निम्म्याखाली येतो. यात्रेआधीच्या एखाद्या मंगळवारी, गर्दीच्या वेळी, बाहेर पडणाऱ्या दारापाशी एक माणूस बसवा आणि दहा-दहा मिनिटं मोजा. सकाळी, दुपारी आणि आरतीनंतर. आत जाणारे मोजू नका, बाहेर पडणारे मोजा. खरा वेग बाहेर पडणाऱ्यांचाच असतो.

आता पायऱ्या. इंग्लंडमध्ये क्रीडांगणांसाठी जी सुरक्षा-मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात मीटरभर रुंदीतून सपाट वाटेवर मिनिटाला ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसं ही कमाल धरली आहे. आपल्या यात्रेत कडेवर लेकरू, हातात ओटीचं ताट, गुडघ्यावर हात ठेवून चढणारी आजी, सगळे अनवाणी. म्हणून निम्म्याच्या जरा वर धरा. ८ फुटांतले ४ फूट चढायला दिले, तर मिनिटाला ४५ लोक चढतील.

खाली ४५ चढतात, वर ३० च बाहेर पडतात. दर मिनिटाला १५ माणसं पायऱ्यांवर साचतात. एक पायरी फूटभर रुंद धरली तर १८० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा, म्हणजे ७२० चौरस फूट, साधारण ६७ चौरस मीटर. चौरस मीटरला ४ माणसं ही आपण हद्द मानू, म्हणजे पायऱ्यांवर २७० च्या वर माणूस नको. वाहत्या बारीत चढायला ४ मिनिटं लागतात असं धरलं तर १२० लोक पायऱ्यांवर असतातच. उरली जागा १५० लोकांची. १५ च्या वेगाने ती १० मिनिटांत भरते.

फक्त दहा मिनिटं! तेवढ्यात वर कुणी चक्कर येऊन पडलं किंवा आरतीसाठी दार लागलं, की खालच्यांना काही कळत नाही आणि ते चढतच राहतात. चौरस मीटरला ६-७ माणसं झाली की माणूस आपल्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला नेते. चेंगराचेंगरीत बहुतेक जीव पायाखाली तुडवून जात नाहीत, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने जातात. उभ्या उभ्या जातात.

म्हणून आराखड्यातली पहिली ओळ ही लिहा: पायऱ्यांवर बारी थांबवायची नाही, बारी पायथ्याशी सपाटीवर थांबवायची. गाभारा मिनिटाला जेवढे बाहेर काढतो तेवढेच पायथ्याच्या दोरीतून वर सोडायचे. ३० चा वेग असेल तर दर दोन मिनिटांनी ६० ची तुकडी. आरती-नैवेद्याला दार लागण्याआधी ४ मिनिटं दोरी बंद, म्हणजे पायऱ्या रिकाम्या होतात.

मोर्शीकर_ताई
वरच्या हिशेबात एक भर. दोरीवरच्या माणसाला वरचं कळणार कसं? यात्रेत मोबाइलचं जाळं हमखास कोलमडतं, एकाच टॉवरवर हजारो फोन येतात. त्यावर भिस्त नको. वॉकीटॉकी किमान पाच लागतात: गाभारा, पायऱ्यांचा मध्य, पायथ्याची दोरी, वाहनतळ, नियंत्रण कक्ष. त्याही बंद पडल्या तर झेंडे: सभामंडपाच्या कोपऱ्यावरून हिरवा म्हणजे सोडा, लाल म्हणजे दोरी बंद. रात्री झेंड्याऐवजी हिरवा-लाल दिवा. टेकडीवरचं मंदिर पायथ्यावरून दिसतं, हा तुमचा मोठा फायदा आहे.

दोरीवर जो उभा असेल त्याला बारी बंद करायचा पूर्ण अधिकार द्या आणि तो लेखी द्या. विश्वस्तांना विचारून बंद करायची ठरली, की ती वेळेवर बंद होत नाही.

हेमाडपंती
एका दाराचा प्रश्न मोठा आहे. आधी मंदिर कोणाच्या यादीत आहे ते पाहा. मार्कंडा किंवा लोणारच्या दैत्यसूदनासारखं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडचं संरक्षित स्मारक असेल, तर भिंतीला हात लावता येत नाही. शिवाय हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथल्या बांधकामाला परवानगी लागते. राज्याच्या यादीत असेल तरी आधी विचारा. यादीत नसलं तरी जुन्या दगडी गाभाऱ्याला बगलेतून दार पाडू नका. हेमाडपंती बांधणीत दगड एकमेकांच्या भारावर बसलेले असतात. एक काढला की वरचा सरकतो.

त्यापेक्षा यात्रेचे दिवस गाभाऱ्यात प्रवेशच नको. दर्शन सभामंडपातून, दारासमोरून. बारी एका बाजूने सभामंडपात येईल, दारासमोरून आडवी जाईल, दुसऱ्या बाजूने बाहेर. जाणाऱ्या आणि येणाऱ्यांचे खांदे एकमेकांना लागताच कामा नयेत. समोर दोन ओळी करता येतात: पुढची जमिनीवर, मागची दीड फूट उंच लाकडी मंचावर. मंचावर चढायला-उतरायला पायरी नको, उतार हवा, कारण लोक देवीकडे बघत चालतात, पायाखाली बघत नाहीत. दोन ओळी म्हणजे वेग जवळपास दुप्पट. ओट्या आणि हार दारापाशीच सेवेकऱ्यांनी घ्यायचे, पुजाऱ्याने आत नेऊन देवीला लावून मागच्या बाजूला द्यायचे.

नारळाचं मात्र कडक ठेवा. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीला शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसं गेली. अरुंद चढाची वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडी झालेली फरशी, लोक घसरून एकमेकांवर पडले, मग दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. तुमच्याकडचं वर्णन वाचून पहिलं तेच डोळ्यासमोर आलं: उतार आणि नारळाचं पाणी. नारळ फोडायची जागा पायथ्याशी, परतीच्या वाटेवर, खाली जाळी आणि नाली असलेल्या ओट्यावर. वर नारळ न्यायचा तर अखंड न्यायचा, देवीला दाखवायचा, खाली येऊन फोडायचा. पायथ्याच्या दुकानदारांना हे आधी सांगा, म्हणजे तेच भाविकांना सांगतील.

पैनगंगाकाठ
यादीत नाही, तपासलं आहे. सभामंडपातून आडवी बारी जमेल, उत्तरेकडच्या दोन खांबांतून बाहेर काढता येईल. मागची पायवाट उतरायला वापरावी का? साधारण ५ फूट रुंद आहे, दोन ठिकाणी जास्त उतार.

सेवेकरी_खामगाव
वापरा, पण ती वाट चढायच्या वाटेपेक्षा अरुंद ठेवू नका. निम्म्यात अडली तर वर गाभाऱ्यापर्यंत अडेल. ५ फुटांची ६ करा, सुटे गोटे काढा, मुरूम टाकून पाणी मारून दाबा, जास्त उताराच्या दोन्ही ठिकाणी सिमेंटच्या रुंद पायऱ्या, एका बाजूने सलग कठडा. रात्रभर उजेड. परतीच्या वाटेवर एकही दुकान नको, उतरणारा माणूस बांगड्या पाहायला थांबला की मागची वाट थांबते.

मग समोरच्या पायऱ्यांवरचे दुसरे ४ फूट मोकळे राहतील. ते मोकळेच ठेवा. स्ट्रेचर, पाणी, पोलीस, दम लागून माघारी फिरणारा म्हातारा, सगळे त्या पट्ट्यातून. "रिकामी जागा आहे तर चढू द्या ना" म्हणून दबाव येईल, ऐकू नका.

मधला कठडा भक्कम हवा. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यातल्या काशीबुग्गाला १ नोव्हेंबर २०२५ ला एकादशीच्या गर्दीत कठडाच तुटला आणि माणसं गेली. कठड्यावर माणूस टेकतो ते एकट्याचं वजन नसतं, मागच्या वीस जणांचा रेटा असतो.

वऱ्हाडी_गडी
कठड्याचं अन् बॅरिकेडचं मी सांगतो भाऊ. आपल्याइकडं बल्ल्या गाडतात अन् बांधायच्या तारेनं आवळतात. दोन्ही चुकीचं हाय. एक तं चैतात काळी माती भेगाळते. दोन फूट गाडलेली बल्ली हातानं हालते. खड्डा दोन-अडीच फूट करा, बल्ली उभी करून मुरूम अन् गिट्टी ठोकून भरा, माती नका भरू. अन् तार नाई वापरायची. गर्दी दाबली तं तार सोडाले पक्कड लागते, तेवढा वेळ कोणाजवळ असते? सुती दोर वापरा, नाई तं खटक्याची खिट्टी.

लोखंडी पाइप घेतले तं दोन इंची, उंची चार फूट, बारीची रुंदी अडीच ते तीन फूट. तीन फुटाच्या वर गेली की एकाची दोन माणसं होतात अन् मंग घुसाघुशी. दर ३०-४० फुटाले बाहेर उघडणारं फाटक पायजे, कुलूप नाई, खिट्टी. आतून बाहेर काढाले. नागमोडी बारीचे कोपरे गोल करा, काटकोनात लेकरं दबतात. जमिनीजवळ आडवा पाइप ठेवू नका, पाय अडकते.

बारीत मीटरभर लांबीत दोन माणसं बसतात. म्हून पायथ्याले दोन हजार माणूस थांबवायचा तं एक किलोमीटर नागमोडी पायजे. तेवढी जागा सपाट कुठं हाय ते आधी पाहा. शेत मागा, कापूस-तूर निघालेलं असते तवा. पऱ्हाटीचे खुंट मुळासकट काढून वखरून घ्या, अनवाणी पायात घुसतात.

आरोग्य_दारव्हा
चैत्र म्हणजे विदर्भात ४२-४४ अंश गृहीतच धरा. चंद्रपूरची महाकालीची यात्राही चैत्रातच असते, तिथे मराठवाड्यातून लोक येऊन मुक्काम करतात, त्यामुळे उन्हातली व्यवस्था काय लागते ते एकदा जाऊन पाहण्यासारखं आहे.

सावली: थांबलेल्या बारीवर हिरवी जाळी पुरत नाही, ताडपत्री किंवा कापडी मांडव हवा, उंची किमान १० फूट, बाजू उघड्या. खाली बांधला तर त्याची भट्टी होते. पाय भाजणं हा चैत्रातला सगळ्यात दुर्लक्षित त्रास. चटका बसला की माणूस उड्या मारत पुढच्याला ढकलतो. पायऱ्यांवर पांढरा रंग चालतो, पण नुसता रंग ओला झाला की घसरतो, म्हणून त्यात बारीक रेती मिसळून लावा. काथ्याच्या चटया घातल्या तर कडा पक्क्या ठोका, उचललेल्या कडेला ठेच लागते.

पाणी: पिण्याचं माणशी ३ लिटर धरा. २०,००० लोकांना ६०,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरचे ५ टँकर, फक्त पिण्यासाठी. प्रत्येक टँकर भरतानाच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे त्या टँकरला ६० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून दहा मिनिटं बसू द्या, वरची निवळी टँकरमध्ये, खालचा गाळ फेकून द्या. भरण्याच्या जागीच टाकलं की रस्त्यात अर्धा तास होऊन जातो, तेवढा वेळ लागतोच. मग वाटपाच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे का, ते ऑर्थोटोलिडीन (ओटी) चाचणीने तपासा. पिवळी छटा आली पाहिजे, नाही आली तर वाटप बंद. गेल्या वर्षीची उघडी राहिलेली पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. मग प्रमाण बरोबर असूनही चाचणी कोरी येते आणि लोक चाचणीलाच दोष देतात.

विहिरीचं पाणी यात्रेच्या काळात फक्त भांडी, शौचालय आणि धूळ दाबायला. काठावर पोहरा टाकू देऊ नका.

उष्माघात ओळखायचा: अंग तापलेलं, ४० अंशांच्या वर, बोलण्यात विसंगती किंवा शुद्ध हरपणं. अशा माणसाला पाणी पाजत बसू नका, ठसक्याने फुफ्फुसात जातं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, १०८ ला फोन. शुद्धीत असेल आणि नुसती ग्लानी असेल तर ओआरएस. पाकिटं संपली तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एक वैद्यकीय पथक पायथ्याला आणि एक वर, दोन्हीकडे. वरच्याला पायऱ्या उतरवून आणण्यात जो वेळ जातो तोच महत्त्वाचा असतो.

शौचालयं: बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. हे जास्त वाटेल, पण पुरुषांच्या मुताऱ्या वेगळ्या असतात आणि बायकांना वेळ जास्त लागतो, बरोबर लेकरं असतात. सोय नसली की बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि बारीत चक्कर येऊन पडतात. शौचालय विहिरीच्या वरच्या उतारावर नको. बारीत उभ्या बाईला मधून जाऊन परत त्याच जागी येता यावं म्हणून हातावर शिक्का द्या.

पंगतवाला
महाप्रसादाचं लिहितो. १००० पानांना अनुभवी आचारी साधारण असं धरतात: कणीक १०० किलो, तांदूळ ६५-७०, तूरडाळ ३५, वांगी-बटाटे मिळून १२० किलो, तेल २० किलो. बुंदी किंवा शिरा असेल तर त्याचं तूप-तेल वेगळं. ५०० ची पंगत बसायला, वाढायला, उठायला आणि जागा पुसायला पाऊण तास. दोन मांडव ठेवा: एक जेवतो तोवर दुसरा पुसून तयार. लोकांना पंगतीच्या मागे उभं राहून वाट पाहू देऊ नका.

भाताचा धोका लोकांना माहीत नसतो. सकाळी सहाला शिजवून सतरंजीवर ढीग लावला आणि दुपारी दोनला वाढला, तर त्या कोमट ढिगात जंतू वाढतात. त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. भात दर तासाला थोडा थोडा उतरवा, चार तासांच्या आत संपवा. वरण वाढेपर्यंत भट्टीवर, वाफ निघत असलेलं. कल्हई उडालेल्या पितळी गंजात कढी, ताक, चिंचेचं सार ठेवू नका, तांबं उतरतं.

एकादशीची भगर. चैत्र शुद्ध एकादशी तुमच्या यात्रेच्या मधोमध येते. लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये सप्ताहातल्या एकादशीच्या फराळातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून लोकांना उघड्यावर झोपवून झाडांना दोर बांधून सलाइन लावावी लागली. भगर ओल धरते, तिच्यावर बुरशी येते आणि बुरशीचं विष शिजवून जात नाही. पीठ तर लवकर बिघडतं. म्हणून सुटी भगर नको, भगरीचं पीठ तर मुळीच नको. पाकीटबंद, तारीख पाहून, आणि त्याच दिवशी निवडून-धुऊन शिजवलेली. माझं स्पष्ट मत: हजारोंना वाढायचं असेल तर एकादशीला भगर टाळाच. केळी, खजूर, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचा लाडू द्या.

अन्नसुरक्षा कायद्याखाली महाप्रसादालाही नोंदणी लागते. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा. भक्तांनी आणलेला शिजवलेला पदार्थ मुख्य पंगतीत मिसळू नका, कच्चं धान्य घ्या.

गॅस: परवान्याशिवाय एकूण १०० किलोपर्यंतच साठा ठेवता येतो. १९ किलोच्या पाच सिलिंडरांवर सहावं आलं की हद्द ओलांडली, रिकामी-भरलेली वेगळी ठेवा. भटारखाना बारीपासून लांब, मांडव सुती कापडाचा नको, पत्र्याचा.

वऱ्हाडी_गडी
आमराईतल्या रोडग्याचं कोणी बोललं नाई. चैताचा वारा, वाळला पालापाचोळा अन् गोवऱ्याचा विस्तव. ओळीनं खड्डे करून द्या, दोन खड्ड्यांत दहा फूट, पाचोळा झाडून काढा, दर ओळीले पाण्याचा ड्रम अन् रेतीच्या बादल्या. सरपण म्हून पऱ्हाटीचे ढीग कोणी आणून टाकते, ते आमराईच्या बाहेर. अन् रोडगे झाले की विस्तवावर पाणी टाकूनच उठायचं. राखेखाली आर रात्रभर जिती राह्यते, सकाळी लेकराचा पाय पडते.

वायरमन_पुसद
लोखंडी बॅरिकेडला वायर बांधायची नाही. एकदाही नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. रोषणाईवाले सोपं म्हणून पाइपलाच केबल गुंडाळतात, घर्षणाने आवरण जातं, आणि पूर्ण बारीचा हात त्या पाइपला असतो. केबल लाकडी बल्लीवरून, १० फुटांवरून. जोड कमीत कमी, आणि जिथे असतील तिथे डब्यात. बॅरिकेडच्या रांगेला दोन्ही टोकांना अर्थिंग. चैत्रात जमीन कोरडी असते म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी ओता, नाहीतर ते नावालाच राहतं. प्रत्येक फेजवर ३० मिलीॲम्पिअरचा गळती-संरक्षक लावा. महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू देऊ नका. आकाशपाळण्यांना विद्युत निरीक्षकाचा दाखला मागा. दाखला नसेल तर जागा नाही.

पायऱ्या, परतीची वाट आणि ध्वनिक्षेपक जनरेटरवर, बाकी रोषणाई गेली तरी चालेल. गर्दीत अंधार झाला आणि आवाजही बंद पडला तर अफवा सुटते. हरिद्वारच्या मनसादेवीला २७ जुलै २०२५ ला पायऱ्यांच्या वाटेवर करंट लागल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. भजनाचा आणि सूचनांचा भोंगा वेगळा ठेवा, आणि सूचनेच्या माइकवर एकच ओळखीचा, शांत आवाज.

तुळजाई_८९
उत्पन्नाचंही बघावं लागतं ना? १०० रुपयांचा वेगळा पास ठेवला तर यात्रेचा खर्च निघेल. पुढाऱ्यांनाही थांबवता येत नाही.

मोर्शीकर_ताई
निघेल, पण त्याची किंमत कोण देतं ते मोजा. दहा जणांचा ताफा गाभाऱ्यात ५ मिनिटं थांबला की ३० च्या वेगाने १५० माणसं जिथल्या तिथे थांबतात, उन्हात. दिवसात असे दहा ताफे आले तर दीड हजार लोकांचं दर्शन गेलं. पौर्णिमा आणि चतुर्दशीला कोणताही पास नको, हे बैठकीच्या इतिवृत्तात तहसीलदारांसमोर लिहून घ्या. मग तुम्हाला कोणालाही तोंडी नाही म्हणावं लागणार नाही, कागद दाखवता येईल. गरोदर बाया, तान्ही लेकरं, दिव्यांग आणि ७५ च्या वरचे, एवढ्यांनाच मोकळ्या पट्ट्यातून.

आणि सेवेकऱ्यांचं. शेगावला गावोगावचे सेवेकरी पाळीने विनामूल्य सेवेला येतात, ती पद्धत घ्या. चार तासांची पाळी, त्यावर नको. उन्हात सहाव्या तासाला चांगला माणूसही भाविकावर खेकसतो. एका सेवेकऱ्याला एकच जागा आणि एकच काम. पायऱ्यांवर दर ३० पायऱ्यांना एक, म्हणजे सहा. त्यांना "चला चला" ओरडू देऊ नका, घाई झाली की लोक धक्के देतात. "माउली, पुढं जागा आहे, हळू चला" एवढंच. "हटा" नाही, "ढकला" नाही.

हिशेबनीस_अकोला
दानपेटीवर थोडक्यात. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळ्या विश्वस्तांकडे. यात्रेत पेटी काठोकाठ भरू देऊ नका, रोज ठरल्या वेळी उघडा. पंच, सीसीटीव्ही, मोजणाऱ्यांना खिसे नसलेले कपडे, मोजणीपत्रक तीन प्रतीत, दुसऱ्या दिवशी बँकेत. दागिने सराफाकडून सर्वांसमोर तोलून पंचनाम्यात, दागिन्याच्या वर्णनासह. देणगीची पावती तिथल्या तिथे. संस्थेला ८०जी (देणगीवरची प्राप्तिकर सवलत) असेल तर २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे काउंटरवर लिहून लावा म्हणजे नंतर वाद नाही. विश्वस्त बदलले असतील तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ चा बदल अहवाल ९० दिवसांत. बारीसाठी देवस्थानची जमीन विकून किंवा बदलून जागा घ्यायचा कोणी सल्ला दिला तर त्याच कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी, त्याशिवाय व्यवहार करू नका.

पैनगंगाकाठ
मंगळवारी मोजलं. आडवी बारी करून, ओट्या दारापाशी घेऊन, एका ओळीत मिनिटाला सरासरी २२ बाहेर पडले. मंच अजून केलेला नाही. दार पौर्णिमेला पहाटे ४ ते रात्री १०, मध्ये आरती-नैवेद्याला मिळून दीड तास बंद. हे कसं मांडू?

सेवेकरी_खामगाव
२२ म्हणजे तासाला १३२०. १८ तासांतून दीड गेला, साडेसोळा तास, २१,७८० लोक. हा तुमचा एका ओळीचा दिवसाचा आकडा, आराखड्यात हाच लिहा. मंच झाला तरी दुप्पट लिहू नका. पुढच्या मंगळवारी मंच लावून परत मोजा आणि जो येईल तो.

पायथ्याची दोरी दर दोन मिनिटांनी ४४ ची. त्या माणसाला मोजत बसायला लावू नका, ४४ माणसं मावतील एवढा कप्पा दोरीच्या आत आखून द्या: तीन फुटी बारीचा २२ मीटर लांब तुकडा. तो भरला की मागची दोरी खाली, मग पुढची वर.

आणि दुपारी चारला पायथ्याची नागमोडी भरलेली असेल, तर वाहनतळावरच फलक लावा: "आता बारीत येणाऱ्याला दर्शनाला इतके तास." नागमोडीत २००० माणसं असतील तर २००० भागिले १३२०, दीड तास. लोकांना खरा आकडा सांगितला की बरेच जण आधी जेवून घेतात, सावलीत बसतात, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर चढतात. एसटीच्या यात्रा स्थानकावरही तोच फलक दर तासाला बदलायला माणूस नेमा.